कुंडीतले लिंबू : पान वाचायला शिकूया



दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिन येतो. गावोगावच्या शाळांतून रोपे वाटली जातात, भाषणे होतात, छायाचित्र निघते. त्यांपैकी किती रोपे दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत जिवंत राहतात, हे ज्याने त्याने आपल्या अंगणात आणि गच्चीवर पाहून घ्यावे. रोप लावणे सोपे असते, जगवणे अवघड. आणि आमचे निरीक्षण असे, की घरातली बहुतेक रोपे दुर्लक्षाने मरत नाहीत. ती न पाहता केलेल्या मायेने मरतात. पान पिवळे दिसले की पाणी, तरीही पिवळे दिसले की खत, आणि तरीही सुधारले नाही की औषध. या अंकातला पाठ त्यासाठीच आहे. उदाहरणाला झाड घेतले आहे कागदी लिंबाचे, कारण ते प्रत्येक घराला उपयोगी, बारमाही हिरवे आणि कुंडीत चांगले फळणारे आहे.

ओळख

आपण ज्याला लिंबू म्हणतो त्याला आपले कानडी शेजारी निंबे हण्णु किंवा लिंबे हण्णु म्हणतात आणि हिंदीत नींबू म्हणतात. संत्रे, मोसंबी, पपनस, ईडलिंबू, महाळुंग ही सगळी याच कुळातली भावंडे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या एका हातात जे फळ आहे ते महाळुंग. जनुकांच्या अभ्यासावरून शास्त्रज्ञ आता सांगतात, की आपले कागदी लिंबू हे महाळुंग आणि आग्नेय आशियातील एक रानलिंबू यांच्या संकरातून झाले आहे. म्हणजे देवीच्या हातातले फळ हे आपल्या घरच्या लिंबाचे पूर्वज होय.

कुंडीत लिंबूवर्गीय झाड वाढवणे हे काही आजचे खूळ नाही. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याला लागून १६८४ ते १६८६ या काळात खास इमारत बांधली गेली. लाकडी पेट्यांत लावलेली संत्र्याची झाडे थंडीत आत ठेवायची आणि उन्हाळ्यात बाहेर काढायची, यासाठी ती होती. आपल्या बेळगाव-निपाणीकडे थंडीची तेवढी भीती नाही. आपली अडचण वेगळी आहे, ती म्हणजे जून ते सप्टेंबरचा पाऊस.

रोप कसे निवडावे

रोप तीन प्रकारे मिळते. पहिले बियांचे. लिंबाची बी वाळली की तिची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून फळातून काढल्याबरोबर धुऊन पेरावी. मुलांनो, येथे एक गंमत पाहा. एकाच बीतून कधी कधी दोन-तीन रोपे येतात. लिंबाच्या बीत एकाहून अधिक गर्भ असतात आणि त्यांतले बरेचसे थेट आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. त्यामुळे बियांचे कागदी लिंबू बहुधा आईसारखेच निघते. मात्र फळाला चार-पाच वर्षे थांबावे लागते.

दुसरे गुटी कलमाचे आणि तिसरे डोळा भरलेले. ही झाडे दोन-तीन वर्षांत फळू लागतात. डोळा भरलेले रोप घेतल्यास खालचे खुंट जंबेरीचे किंवा दुसऱ्या एखाद्या जातीचे असते. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो लगेच काढावा. तो ठेवला तर तोच जोमाने वाढतो आणि वरचे लिंबू मागे पडते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘साई शरबती’ ही जात आपल्या भागात पुष्कळांना माहीत आहे. रोप रस्त्याकडेच्या हातगाडीवरून न घेता परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावे. याचे कारण पुढे येईल.

कुंडी आणि माती

लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नये. मुळे थोडी आणि माती फार अशी स्थिती झाली, की मधली माती दिवसेंदिवस ओली राहते. आरंभी ८ ते १० इंचांची कुंडी, वर्ष-दीड वर्षाने १४ इंचांची आणि शेवटी १८ इंचांची, असे जावे. तेलाचा डबा, जुनी बादली काहीही चालते, पण तळाला चार-पाच भोके हवीत आणि कुंडी दोन विटांवर उचललेली हवी. तळाशी खापरीचा एक तुकडा भोकावर ठेवला की पुरे. खडीचा जाड थर दिल्याने निचरा वाढत नाही, मातीची जागा मात्र कमी होते. कुंडीखाली बशी ठेवून त्यात पाणी साचू देणे म्हणजे झाडाचे पाय चोवीस तास पाण्यात ठेवणे होय.

मातीच्या बाबतीत आपल्या भागाचे दोन भाग पडतात. बेळगाव, खानापूरकडची माती तांबडी. ती निचरा चांगला देते, पण ओल आणि अन्न धरून ठेवत नाही. म्हणून दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचे तूस असे मिश्रण करावे. निपाणीकडची काळी माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत मात्र पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती एकच भाग घ्यावी, दोन भाग तांबडी माती व जाड वाळू आणि एक भाग खत घालावे.

लावताना रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटे तरी राहिला पाहिजे. खोडाभोवती मातीचा ढीग करू नये. कुंडीचा वरचा काठ दीड-दोन इंच रिकामा ठेवावा, म्हणजे पाणी घालता येते.

पाणी : या पाठाचा गाभा

मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांतून मुळे श्वास घेतात. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, काळी पडतात आणि कुजतात. त्यातच फायटोप्थोरा नावाची बुरशीसारखी एक जात मातीतल्या पाण्यात पोहत खोडापर्यंत येते. मग खोडाच्या बुडाशी साल फाटून डिंक पाझरतो. शेतकरी याला डिंक्या रोग म्हणतात.

आता नीट लक्ष द्या. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाने मलूल होतात, लोंबतात, पिवळी पडतात. पाणी कमी पडलेल्या झाडाची पानेही अशीच मलूल होतात. लक्षण सारखे, कारण अगदी उलटे. पाहणाऱ्याला वाटते झाड तहानलेले आहे, म्हणून तो आणखी एक तांब्या ओततो आणि बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर उपडी होते.

यावर उपाय फुकटचा आहे. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत दोन पेरे खोल घालावे. ओल लागली तर पाणी घालू नये. कोरडे लागले तर तळातून पाणी निघेपर्यंत भरपूर घालावे आणि पुन्हा दोन पेरे कोरडी होईपर्यंत थांबावे. रोज घोटभर पाणी देण्याची सवय वाईट. त्याने वरचा थर ओला राहतो आणि खालची मुळे कोरडी. लहान कुंडी असेल तर ती उचलून पाहावी. ओली कुंडी जड आणि कोरडी हलकी लागते, हे आठवड्याभरात हाताला कळू लागते.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी घालण्याची गरज पडणार नाही. कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये, कारण वरून पडणाऱ्या धारेने माती धुपते आणि मुळे उघडी पडतात. झड लागली तर कुंडी काही दिवस वळचणीला, पण उजेडात घ्यावी. एप्रिल-मे महिन्यात मात्र रोज सकाळी बोट घालून पाहावे. सुट्टीत मामाच्या गावी जाताना शेजाऱ्यांना नुसते ‘झाडाला पाणी घाला’ असे सांगू नका, बोट घालून पाहण्याची रीत दाखवून जा. कुंडी अर्ध्या सावलीत ठेवा आणि मातीवर वाळक्या पालापाचोळ्याचा दोन इंच थर घाला, खोडाला मात्र तो लागू देऊ नका.

ऊन आणि अन्न

लिंबाला रोज किमान सहा तास ऊन हवे. घरातल्या कोपऱ्यात ते पाने धरील, फुले धरणार नाही. सावलीतले रोप उन्हात नेताना एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय करावी.

कुंडीतले झाड स्वतःहून अन्न शोधायला कोठे जाऊ शकत नाही. दर पाण्याबरोबर थोडे अन्न वाहूनही जाते. म्हणून थोडे थोडे आणि वेळोवेळी द्यावे. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत मातीत हलके मिसळावे. आपल्याकडे भुईमुगाची पेंड मिळते. १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, त्यात दहापट पाणी मिसळून, वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला एक तांब्या द्यावी. खत नेहमी ओल्या मातीला द्यावे. आजारी, मलूल झाडाला खत देऊ नये. ज्याला पेजही पचत नाही त्याला पुरणपोळी वाढण्यासारखे ते होईल.

पान काय सांगते

आता पान वाचूया. प्रथम हे लक्षात ठेवा, की एखाद-दुसरे जुने पान पिवळे होऊन गळणे हा निसर्गक्रम आहे. त्यासाठी काही करायचे नसते. पुष्कळ पाने पिवळी होऊ लागली तर पुढील क्रमाने पाहावे.

१. माती ओली, सगळे झाड मलूल : मुळे गुदमरली आहेत. पाणी बंद करा, भोके मोकळी करा. तरीही सुधारले नाही तर झाड काढून, काळी मुळे कापून, नव्या मातीत लावा.

२. खालची, जुनी पाने आधी पिवळी, शेंड्याची हिरवी : नत्र कमी आहे. नत्र झाडात हलते. घरातली वडीलधारी माणसे आपल्या ताटातले मुलांना वाढतात, तसे झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पालवीला देते. पेंडीचे पाणी सुरू करा.

३. शेंड्याची, नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या : लोह किंवा जस्त कमी पडते आहे. लोह जुन्या पानांतून नव्याकडे सहसा जात नाही, म्हणून त्रास नव्या पानांत दिसतो. बहुतेक वेळा मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. कूपनलिकेचे जड पाणी वर्षभर घातले की असे होते. पावसाचे पाणी मऊ असते, ते पत्र्यावरून साठवून घालावे. गरज पडल्यास कृषी सेवा केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्ये आणून वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच फवारावीत.

४. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण : मॅग्नेशियम कमी आहे.

५. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळे, न जुळणारे पिवळट डाग, फळे लहान व वेडीवाकडी : जाणकाराला दाखवा. हा ग्रीनिंग रोग असू शकतो.

पाचही वेळा पान पिवळेच आहे. उपाय मात्र पाच वेगळे आहेत, आणि पहिल्याचा उपाय दुसऱ्याला केला तर झाड जाईल.

कीड आणि रोग

नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी दिसेल. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचले तर डोक्यामागून दुपाकी शिंग काढून उग्र वास सोडते. चार-पाच अळ्या लहान रोप दोन-तीन दिवसांत निष्पर्ण करतात. त्या हाताने वेचाव्यात. मुलांनो, एक अळी मात्र जाळीच्या झाकणाच्या बरणीत, रोज ताजी लिंबाची पाने घालून सांभाळा. कोष झाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येईल. ते उडवून द्या आणि वहीत तारखा लिहा.

पानावर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे पाने पोखरणारी अळी, तिची फार काळजी नको. मावा आणि खवले कीड रस शोषतात, गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की ही कीड शोधावी. ओल्या फडक्याने पुसून पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने-फळांवर खडबडीत तपकिरी खवंद दिसले तर तो खैऱ्या रोग. रोगट फांद्या कोरड्या दिवशी कापून जाळाव्यात आणि मोठ्या माणसांनी ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावे.

निपाणीकडच्या पालकांना एक खास सूचना. तंबाखूचा काढा माव्यावर मारायची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्याने मावा मरतो हे खरे, पण त्यातले निकोटीन माणसाच्या कातडीतूनही शरीरात जाते. निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर आपल्या देशात १९९२ मध्ये बंदी आली. घरच्या खाण्याच्या झाडावर, तेही मुलांच्या हातून, हा काढा मारू नये.

आता रोपवाटिकेची गोष्ट. ग्रीनिंग रोग सिट्रस सायला नावाची बारीक कीड पसरवते. ही कीड कढीपत्त्यावर आणि शोभेच्या कुंतीवरही राहते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये सापडला. तेथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघत होत्या, त्या २०२२-२३ मध्ये सुमारे दीड कोटीवर आल्या. त्यात वादळांचाही हात होता, पण मुख्य घाव या रोगाचा. आपल्या शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात इंडी भागातील लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि तेथे पुष्कळ कुटुंबे लिंबावर जगतात. आपल्या गच्चीवरचे एक रोगट रोप म्हणजे कोणाच्या तरी बागेकडे जाणारी वाट होऊ नये. शंका आली तर कृषी खात्याच्या कार्यालयात किंवा आपल्याच जिल्ह्यातील अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात विचारावे.

फुले, फळे आणि ताट

झाडाला शंभर फुले आली तर फळे थोडीच टिकतात. हे नैसर्गिक आहे. पहिल्या वर्षी रोप लहान असेल तर फळे काढून टाकावीत, म्हणजे जोर फांद्यांना जातो. फुलापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मृग, हस्त, आंबे असे बहार धरतात. कुंडीत माती थोडी असल्याने ताण लवकर बसतो, म्हणून हा प्रयोग कोवळ्या झाडावर करू नये. हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात येतात आणि तेव्हाच लिंबू महाग असते. एप्रिल २०२२ मध्ये कित्येक शहरांत एकेक लिंबू १० रुपयांना विकले गेले, हे पालकांना आठवत असेल.

पण लिंबाचे मोल पैशापुरते नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या इंग्रजांच्या आरमारातील डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांना दोन-दोन करून वेगवेगळे उपाय दिले. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत आधी उठले. त्यामागचे क जीवनसत्त्व पुढे विसाव्या शतकात सापडले. हेच जीवनसत्त्व पालेभाज्या, डाळी आणि पोहे यांतले लोह शरीरात शोषायला मदत करते. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याची तक्रार सर्रास आढळते, म्हणून माता-पालकांनी डब्यातल्या उसळीवर, भाजीवर लिंबू अवश्य पिळावे. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, तेव्हा भांडे चुलीवरून उतरवल्यावरच पिळावे. जेवणाबरोबर चहा घेतला तर हा लाभ कमी होतो. आणि लिंबाचा रस हाताला लागलेला असताना उन्हात खेळू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

स्वाध्याय आणि एक विनंती

मुलांनो, एक वही करा. रोज चार गोष्टी लिहा : तारीख, बोटाला ओल लागली की नाही, पाणी घातले की नाही, पानात काही बदल दिसला का. महिन्याने स्वतःला हे प्रश्न विचारा.

१. महिन्यात किती दिवस पाणी घालण्याची गरजच नव्हती?

२. पिवळे पान जुने होते की नवे? त्यावरून काय समजावे?

३. एका बीतून किती रोपे उगवली?

४. तुमच्या घरी पाणी नळाचे, विहिरीचे की कूपनलिकेचे? साठवलेले पावसाचे पाणी दिल्यावर नव्या पानात फरक पडला का?

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे. येत्या जूनमध्ये रोपे थोडी कमी वाटली तरी चालतील, पण प्रत्येक रोपाबरोबर एक वही द्यावी आणि दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी एक दिवस त्या वह्या पाहण्यासाठी ठेवावा. किती रोपे वाटली याबरोबर किती जगली, हा आकडाही वार्षिक अहवालात यावा. आकडा लहान आला तरी छापावा.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. वर्गात गप्प बसणारे मूल दमलेले असते, घाबरलेले असते, त्याला फळ्यावरचे दिसत नसते किंवा त्याला ते सगळे आधीच येत असते. बाहेरून चौघेही सारखेच दिसतात. शिकवणी लावण्याआधी किंवा रागावण्याआधी जवळ बसून विचारणे, हे मातीत बोट घालून पाहण्यासारखेच आहे. या सवयीची सुरुवात घरातल्या एका कुंडीपासून करता येईल.